पुनर्मुद्रित रेकॉर्डचा कस कसा लावावा? आधी तानपुरा ऐकावा

तापीकाठ (जळगाव):

नमस्कार. जुन्या ख्यालगायनाच्या आणि नाट्यसंगीताच्या एलपी अलीकडे नव्याने छापून येत आहेत आणि त्यांच्या किमती अशा आहेत की एक रेकॉर्ड घ्यायची म्हटले तरी घरातला एखादा खर्च पुढे ढकलावा लागतो. म्हणून ही छपाई चांगली की वाईट, हे ठरवण्याची काही पद्धत आपल्यासारख्या मध्यम ऐपतीच्या श्रोत्यांनी बसवली पाहिजे, असे मला वाटते. हा धागा त्यासाठी काढला आहे.

निमित्त माझ्याच घरचे आहे. मे महिन्यात मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ३,२०० रुपयांना ख्यालाची एक पुनर्मुद्रित एलपी मागवली. वेष्टनावर ‘रीमास्टर्ड’ आणि ‘१८० ग्रॅम’ असे दोन सोनेरी स्टिकर होते. पहिली बाजू उत्तम वाजली. दुसऱ्या बाजूला मात्र सुरुवातीच्या आलापापासूनच षड्ज जागेवर बसेना, आणि सुई जसजशी आत जाऊ लागली तसतसा तो झोपाळ्यावर बसल्यासारखा वरखाली होऊ लागला. गवयाचा सूर हलत नव्हता, कारण मागचा तानपुराही त्याच्याबरोबरच हलत होता.

पहिला संशय मी माझ्या टर्नटेबलवर घेतला. पट्टा नवा घातला. मग गती तपासण्यासाठी स्ट्रोबची चकती काढली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ३३⅓ फेऱ्यांसाठी त्या चकतीवर १८० रेघा असतात, आणि गती बरोबर असेल तर दिव्याच्या लुकलुकण्यात त्या रेघा एका जागी थांबलेल्या दिसतात. पण आमच्या घरात आता सगळे एलईडी दिवे आहेत आणि त्यांच्या उजेडात रेघा नीट उमटेनात. शेवटी मागच्या पडवीत चोकवाली जुनी ट्यूबलाइट शिल्लक आहे तिच्याखाली टर्नटेबल उचलून नेले, तेव्हा रेघा खिळल्यासारख्या उभ्या राहिल्या. दोष यंत्रात नव्हता.

त्या दिवसापासून मी कोणतीही पुनर्मुद्रित रेकॉर्ड आली की पहिली दोन मिनिटे गाणे ऐकतच नाही, फक्त तानपुरा ऐकतो. एकच स्वर सतत धरून ठेवणारे वाद्य गाण्यामागे असणे, ही आपल्या संगीताच्या श्रोत्याला मिळालेली मोठी सोय आहे. स्वर डोलत असेल तर छपाईत किंवा मध्यछिद्रात चूक आहे. स्वर स्थिर आहे पण जवारीचा तो मधमाश्यांसारखा गुंजारव बोथट झाला आहे, तर कोणीतरी खरखर काढताना अतिउत्साह दाखवला आहे. दोन तारांच्या मधल्या जागेत चरचर ऐकू येत असेल तर प्लास्टिक किंवा साचा हलका आहे. स्टिकरवर काय लिहिले आहे यापेक्षा ही परीक्षा मला भरवशाची वाटते. जळगावात सोने घेणारा माणूस पावती नंतर पाहतो, आधी कस लावतो.

आता १८० ग्रॅमविषयी. साधारण रेकॉर्ड १२० ते १४० ग्रॅमची असते. ध्वनी खाचेच्या भिंतींवर कोरलेला असतो आणि खाचेची खोली वजनाने वाढत नाही, त्यामुळे जड रेकॉर्डचा आवाज चांगला असतो असे मानायला आधार नाही. जड रेकॉर्ड वाकायला थोडी कमी तयार होते, इतकेच. आपण भरताचे वांगे घेताना हातात तोलून जड वांगे बाजूला ठेवतो, कारण त्यात बिया फार असतात. रेकॉर्ड घेताना मात्र वजनाचे स्टिकर बघून हुरळतो, याचे मला नवल वाटते.

आपण कसे पारखता, ते सविस्तर लिहावे.

लोकोशेड (भुसावळ):

तापीकाठ साहेब, मी आयुष्यभर फिटरचे काम केले आहे, त्यामुळे माझी पद्धत कानाऐवजी डोळ्याची आहे. तुमच्या रेकॉर्डचे मध्यछिद्र केंद्रात नाही. हे तपासायला सोपे आहे. दुसरी बाजू लावा, शेवटच्या भागात सुई ठेवा आणि टोनआर्मचे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचे, टोक समोरून पाहा. प्रत्येक फेरीला ते डावीउजवीकडे जात असेल तर त्यामागे एक पट्टी धरून ते एकूण किती सरकते, हे मोजा. त्याच्या निम्मे म्हणजे छिद्राची चूक.

आता हिशेब करू. सर्वांत आतली खाच केंद्रापासून सुमारे ६० मिलिमीटरवर असते. छिद्र १ मिलिमीटर चुकले असेल तर तिथे गती ६० भागांत १ भाग वर आणि १ भाग खाली होते, म्हणजे सुमारे १.७ टक्के इकडे आणि १.७ टक्के तिकडे. बाहेरची खाच १४६ मिलिमीटरवर असल्यामुळे तिथे हीच चूक ०.७ टक्क्यांची होते. रेकॉर्ड आत जाईल तसा सूर जास्त हलतो, असे तुम्ही लिहिले आहे, त्याचे कारण हेच. प्रत्येक हेलकावा १.८ सेकंदांचा असेल, कारण ३३⅓ गतीने एक फेरी तेवढ्याच वेळात होते. घड्याळ लावून पाहा.

आणखी एक खूण महत्त्वाची आहे. रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंचे साचे वेगळे असतात आणि प्रत्येक साच्याचे केंद्र स्वतंत्रपणे पाडलेले असते. एक बाजू सरळ आणि दुसरी डोलणारी असेल तर यंत्राला दोष देता येत नाही, कारण यंत्र दोन्ही बाजूंना तेच आहे. पण याचा वाईट अर्थ असा की त्या साच्यातून निघालेली प्रत्येक प्रत तशीच डोलणार. बदली प्रत मागवून उपयोग होईल असे वाटत नाही.

तापीकाठ (जळगाव):

आपण सांगितल्याप्रमाणे मोजले. दुसऱ्या बाजूला टोनआर्म एकूण २ मिलिमीटर सरकतो, पहिल्या बाजूला पट्टीवर वाचता येईल इतकेही नाही. म्हणजे चूक १ मिलिमीटरची. आपल्या शास्त्रात प्रमाणश्रुती ८१/८० मानतात, म्हणजे सव्वा टक्का. शेवटच्या द्रुत बंदिशीत माझा षड्ज एका फेरीत एक प्रमाणश्रुती आणि थोडा अधिक वर जाऊन, परत येऊन, पुन्हा तेवढाच खाली जात होता. कान चुकत नव्हते, हे कळून बरे वाटले.

बदली प्रतही आली होती, हे सांगायचे राहिले. तीही हुबेहूब तशीच. विक्रेत्याचे उत्तर होते की, ‘व्हायनलमध्ये एवढे चालायचेच.’

पांझरा (धुळे):

धागा चांगला आहे, पण मला एका गोष्टीची भीती वाटते. असे विषय निघाले की थोड्याच वेळात ‘जुने ते सोने’ सुरू होते. माझ्याकडे दमदमच्या कारखान्यात छापलेल्या एचएमव्हीच्या साठसत्तर एलपी आहेत, वडिलांनी आणि नंतर मी जमवलेल्या. त्यांतल्या काही अप्रतिम आहेत आणि काही पहिल्या दिवसापासून भाकरी भाजल्यासारख्या चरचरतात. मुंबईच्या चोरबाजारातून आणलेल्या प्रतींची तर गोष्टच वेगळी, कारण आधीच्या मालकाने त्या कोणत्या सुईने घासल्या असतील ते देव जाणे. तेव्हा पुनर्मुद्रण पारखताना तुलना ‘मूळ रेकॉर्ड’ नावाच्या आदर्श वस्तूशी करू नये, हातात असलेल्या खऱ्या प्रतीशी करावी.

माझ्या मते खरा प्रश्न छपाईच्या आधीचा आहे: कोरताना समोर काय होते? मूळ टेप होती, टेपची प्रत होती, की सीडीसाठी केलेली फाइल होती? चांगले प्रकाशक वेष्टनावर स्पष्ट लिहितात की कोणत्या टेपवरून, कोणी, कुठे कोरले आणि कुठे छापले. नुसते ‘मूळ ध्वनिमुद्रणावरून’ असे मोघम लिहिले असेल तर मी सावध होतो, कारण एमपीथ्रीसुद्धा शेवटी मूळ ध्वनिमुद्रणावरूनच निघते. लेबलच्या कडेला जी कोरी पट्टी असते तिथे तिरप्या उजेडात पाहिले की साच्याचा क्रमांक दिसतो आणि कधीकधी कोरणाऱ्याची हाताने काढलेली अक्षरेही दिसतात. अमेरिकेत बॉब लडविग यांनी कोरलेल्या रेकॉर्डवर ‘आरएल’ ही दोन अक्षरे शोधत लोक दुकाने पालथी घालतात. आपल्याकडच्या पुनर्मुद्रणांवर तिथे बहुधा नुसता क्रमांक असतो, पण तोही लिहून ठेवावा. दोन प्रतींचे क्रमांक वेगळे असतील तर त्यांचा आवाजही वेगळा असू शकतो.

मोनो-स्टिरिओचा घोटाळाही पाहावा. एचएमव्हीच्या शास्त्रीय एलपींमध्ये ‘ईएएलपी’ म्हणजे मोनो आणि ‘ईएएसडी’ म्हणजे स्टिरिओ. साठ-सत्तरच्या दशकांत जगभरच्या कंपन्यांनी जुन्या मोनो ध्वनिमुद्रणांना कृत्रिम स्टिरिओ करून विकले, एका कानात खर्ज वाढवून आणि दुसऱ्यात तार वाढवून. तसली आवृत्ती आधार म्हणून घेऊन कोणी आज पुनर्मुद्रण केले तर पैसे पाण्यात. हेडफोन लावून ऐका: मोनो रेकॉर्डवर गवई डोक्याच्या मधोमध उभा राहिला पाहिजे. तो उजव्या कानशिलावर आणि त्याचा तबला डाव्या खांद्यावर असेल, तर मूळ मोनो होते की नाही ते शोधा.

जवारी बोथट होण्याविषयी आपण लिहिले ते शंभर टक्के पटले. खरखर काढणारी प्रणाली उंच स्वरांतल्या बारीक, सतत चालणाऱ्या आवाजाला खरखर समजते, आणि जवारी नेमकी तशीच असते. मी एका पुनर्मुद्रणात असे ऐकले आहे की गवई गात असताना तानपुरा आहे आणि तो श्वास घ्यायला थांबला की तानपुराही थांबतो. मैफलीत वीज गेल्यासारखे वाटते.

केळीबाग (रावेर):

नवखा आहे, चूक असल्यास क्षमा असावी. सुटकेससारखा मिळतो तो प्लेअर मी घेतला आहे. त्यावर ही परीक्षा करता येईल का?

लोकोशेड (भुसावळ):

भाऊ, सूर हलतो का तेवढे कळेल, बाकी नाही. त्या प्लेअरची सुई बहुधा सिरॅमिक काड्रिजची (सुई ज्यात बसते त्या डबीची) असते आणि पाच ग्रॅमच्या आसपास दाब देते, तर चांगल्या चुंबकीय काड्रिजला दीड ते दोन ग्रॅम पुरतात. महागडी रेकॉर्ड त्यावर रोज लावू नका. घाई नाही, आधी जुन्या रेकॉर्डवर हात बसवा.

अमळनेरची (अमळनेर):

माझ्या वडिलांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्नसराईत खान्देशातल्या गावोगावी कर्णे बांधायचे आणि त्याच सुईने त्याच रेकॉर्ड दिवसभर लावायच्या. त्या रेकॉर्ड आता माझ्याकडे आहेत आणि त्यांच्यावरून मी एक शिकले की झीज आणि छपाईतला दोष यांचा आवाज वेगळा असतो. झिजलेली रेकॉर्ड मोठ्या आवाजाच्या जागी सगळीकडे फाटते, विशेषतः आतल्या भागात. छपाईत प्लास्टिक खाचेत पूर्ण भरलेच नाही, तर फाटल्यासारखा आवाज ठरावीक जागी, बहुतेक एकाच बाजूच्या स्पीकरमधून येतो, आणि खिडकीच्या उजेडात रेकॉर्ड तिरपी धरली तर त्या जागी राखाडी डाग दिसतो. नव्या रेकॉर्डवर असा डाग दिसला तर धुण्यात वेळ घालवू नये, लगेच परत करावी.

पण बाकी कोणतीही तक्रार करण्याआधी रेकॉर्ड धुवावी, ही माझी विनंती आहे. नव्या रेकॉर्डवरही आतल्या कागदी पिशवीचा भुगा असतो, आणि आपल्याकडच्या कोरड्या हवेत तो विजेने असा चिकटतो की ब्रशने निघत नाही. बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी, त्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड, एवढ्यावर माझे भागते. मात्र ७८ गतीच्या लाखेच्या तबकडीला अल्कोहोलचा थेंबही लागू देऊ नये, लाख त्यात विरघळते. धुतल्यावरही टकटक राहिली तर घड्याळ लावा: दर १.८ सेकंदांनी येत असेल तर चरा आहे किंवा छपाईतली इजा, वाटेल तेव्हा येत असेल तर धूळ.

वडील रेकॉर्ड विकत घेताना दुकानदाराला वाजवायला लावत आणि स्वतः दुकानाबाहेर रस्त्यावर उभे राहून ऐकत. ‘जवळून सगळंच चांगलं लागस,’ असे म्हणत.

पांझरा (धुळे):

ताई, वडिलांची युक्ती फार आवडली. जवळ उभे राहिले की खर्ज छाती भरून टाकतो आणि माणूस फसतो, हे खरे आहे.

उन्हाचा मुद्दा अजून कोणी काढला नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, आणि कुरिअरचे पत्र्याचे गोदाम किंवा बंद गाडी आतून त्याहून कितीतरी तापते. रेकॉर्डचे पीव्हीसी साठ अंशांच्या पुढे मऊ पडू लागते. त्यामुळे वाकलेली रेकॉर्ड आली की दोष कारखान्याचा की प्रवासाचा, हा वाद होतोच. माझा ठोकताळा असा आहे: पूर्ण रेकॉर्ड बशीसारखी एका बाजूने खोलगट असेल तर ती बहुधा साच्यातून घाईने, पुरती थंड न होताच काढली आहे. कडेला एकाच जागी लाट आली असेल तर ऊन, किंवा घट्ट बसवलेले प्लास्टिकचे आवरण. ते आवरण उष्णतेने आणखी आकसते, म्हणून रेकॉर्ड आली की पहिल्याच दिवशी कापून काढावे. संग्राहक ते जपून ठेवतात. खान्देशात तो शौक परवडणार नाही.

कन्नडघाट (चाळीसगाव):

वरील चर्चेत डिजिटलचा विषय टाळला गेला आहे असे वाटते. रेकॉर्ड फाइलवरून कोरली असेल, तर तिच्यासाठी तीन हजार रुपये का द्यायचे? तीच फाइल फोनवर ऐकता येते.

पांझरा (धुळे):

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर तितके सरळ नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या नावाजलेल्या कंपनीविषयी उघड झाले की पूर्णपणे टेपवरून कोरलेल्या म्हणून ज्या महागड्या रेकॉर्ड लोक वर्षानुवर्षे डोक्यावर घेत होते, त्यांतल्या अनेकांच्या मध्ये डीएसडी नावाचा डिजिटल टप्पा होता. प्रकरण कोर्टापर्यंत गेले. त्यात फसवणूक झाली हे खरेच, पण तो टप्पा कानांनी कोणी पकडला नव्हता, हेही तितकेच खरे. तेव्हा ‘डिजिटल’ म्हटले की नाक मुरडण्यात अर्थ नाही. वाईट फाइल आणि चांगली फाइल यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तो फरक मी असा पाहतो. रेकॉर्ड संगणकात ९६ किलोहर्ट्झवर उतरवून घेतो आणि ऑडॅसिटी या संगणकप्रणालीत तिचा वर्णपट, म्हणजे कोणत्या उंचीच्या स्वरांत किती आवाज आहे त्याचा आलेख, काढतो. जुन्या टेपमध्ये उंच स्वर हळूहळू उतरत नाहीसे होतात, सातपुड्याचा उतार दिसावा तसे. १६ किलोहर्ट्झपाशी एकदम भिंत उभी असेल, तर कोणीतरी १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीवरून रेकॉर्ड कोरली असण्याची दाट शंका येते. उंच स्वर कमी आहेत एवढ्यावरून मात्र निकाल देऊ नये, पन्नासच्या दशकातल्या ध्वनिमुद्रणात ते मुळातच कमी असतात. उतार आहे की भिंत, तेवढे पाहावे.

तापीकाठ (जळगाव):

एक भर घालतो, कारण ख्यालाच्या एलपीला ही अडचण विशेष जाचते. बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला फक्त २१. म्हणजे तेवढ्याच संगीताला निम्म्याहून कमी जागा मिळते. विलंबित आलाप ऐसपैस जागेत आणि द्रुतातल्या तारसप्तकातल्या ताना, झपाट्याचा तबला, हार्मोनियम हे सगळे अडचणीच्या जागेत, अशी आपल्या रागाची मांडणी आहे. म्हणून पुनर्मुद्रणात एका बाजूवर किती मिनिटे बसवली आहेत, हे विकत घेण्याआधीच पाहावे. वीसबावीस मिनिटांपर्यंत ठीक असते. अट्ठावीस मिनिटे कोंबली असतील तर खाचा बारीक होतात, आवाज खाली ठेवावा लागतो आणि खरखर त्या मानाने वर येते. मूळ एका एलपीचे संगीत दोन रेकॉर्डवर पसरवले असेल तर मला ते पैसे उकळणे वाटत नाही.

माझ्या रेकॉर्डचे काय करावे, हा प्रश्न मात्र तसाच आहे. दुसरी प्रत परत गेली, पैसे मिळाले. पहिली विक्रेत्याने मागितली नाही, ती माझ्याकडेच पडून आहे.

लोकोशेड (भुसावळ):

मग ती घेऊन या. माझ्याकडे रीमर आहे. छिद्र सगळ्या बाजूंनी दीड मिलिमीटरभर मोठे करून देतो, म्हणजे रेकॉर्ड हाताने सरकवून केंद्रात आणता येईल. परत करायची असती तर हे सुचवले नसते.

अमळनेरची (अमळनेर):

अंगावर काटा आला. निदान लेबलवर चिकटपट्टी लावून मगच रीमर फिरवावा.

तापीकाठ (जळगाव):

रविवारी सकाळच्या पॅसेंजरने भुसावळला जाऊन आलो. चिकटपट्टी लावली होती. काम दहा मिनिटांचे होते, त्यानंतरचा चहा आणि गप्पा दोन तासांच्या.

घरी आल्यावर दुसरी बाजू लावली, टोनआर्मकडे पाहत रेकॉर्डची कड बोटाने हळूहळू ढकलत गेलो, आणि चौथ्या-पाचव्या प्रयत्नात आर्म थांबला. लेबल आता डोळ्यांना स्पष्ट डोलताना दिसते. तानपुरा डोलत नाही. जवारी या पुनर्मुद्रणात मुळात चांगलीच राखली होती, हे मला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कळले, कारण तोवर हेलकाव्यामुळे तिकडे लक्षच जात नव्हते. कोरणाऱ्याने काम मन लावून केले होते, साच्याचे केंद्र पाडणाऱ्याने घाई केली.

अर्थात छिद्र मोठे झाल्यामुळे आता पहिली बाजूही आपोआप केंद्रात बसत नाही. रेकॉर्ड उलटली की पुन्हा पट्टी घेऊन बसावे लागते.